बंद पाकिटातलं वाक्य

"आपण सांगितलेलं खोटं माणसाबरोबर त्याच्या घरी जाता कामा नये. आधी त्याला शेवटच्या खोलीत न्यायचं, बसवायचं, पाणी द्यायचं, आणि आपण काय काय खोटं बोललो ते एकेक करून सांगायचं. मगच काय ते जिन्याकडे सोडायचं. कळलं?"

मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेही हातातला चहाचा कप खाली न ठेवता. पण मौनीच्या कानात ते असं घर करून बसलं की त्या तीन खोल्यांपुढच्या लांब व्हरांड्यातून जाताना मॅडमचा आवाज तिला रोज ऐकू यायचा.

मौनी हे काही तिचं नाव नव्हे. गरजेपुरतं बोलणारी, तेही हळू. म्हणून मानसशास्त्र विभागातल्या सगळ्यांनी तिला ते चिकटवलं होतं. तिचीही तक्रार नव्हती. उलट त्या आवाजापायीच तिला हे काम मिळालं होतं. "तुझा आवाज म्हणजे उकळून गार केलेलं पाणी," मॅडम म्हणाल्या होत्या. "त्याला ना रंग, ना चव. मला असाच हवाय." प्रयोगाला येणाऱ्या प्रत्येकाला तेच शब्द त्याच सुरात ऐकू यायला हवेत. कुणाशी जरा गोड बोललं, कुणाकडे बघून कपाळाला आठी पडली, तर माणूस कशामुळे तसा वागला हे कळायचं कसं?

माणूस कसा वागतो हे त्यालाच विचारून कळत नाही, असं मॅडमचं ठाम मत. "कुणालाही विचारा, तुम्ही चटकन हार मानता का? तो म्हणणार, छे, भलतंच! आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणून विचारत बसायचं नाही. तशी वेळ आणायची आणि बघायचं."

तर ती वेळ आणण्यासाठी त्या तीन खोल्या होत्या. पहिल्या खोलीत येणाऱ्याची संमती घ्यायची. मधल्या खोलीत मौनी त्याला अनोळखी माणसांचे फोटो दाखवायची. हा सुतार, ही परिचारिका, हा टपालवाला. थोड्या वेळाने फोटो पुन्हा दाखवून विचारायची, कोण काय करतो? उत्तरं लिहून झाली की ती टेबलावरचं एक बंद पाकीट फोडायची आणि त्यातला निकाल वाचून दाखवायची. काही पाकिटांत असायचं, "तुमची स्मरणशक्ती तुमच्या वयाच्या मानाने उत्तम आहे." काहींत असायचं, "तुमची स्मरणशक्ती तुमच्या वयाच्या मानाने बरीच कमी आहे." त्यानंतर माणसापुढे लाकडी तुकड्यांचं एक अवघड कोडं ठेवायचं, आणि तो किती नेटाने सोडवतो ते बघायचं. एका वाक्याने माणसाचे हातपाय गळतात का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

गंमत अशी की त्या लिहिलेल्या उत्तरांकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. पाकिटात काय असावं हे चिठ्ठ्या टाकून आधीच ठरलेलं असायचं. चिठ्ठ्या टाकायचं काम विभागातल्या आकडेवाल्या सहकाऱ्याचं. दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय त्याला जेवण जात नसे, म्हणून त्याला सगळे तराजू म्हणत. आत काय आहे हे मौनीलाही पाकीट फोडेपर्यंत कळत नसे. कळलं असतं तर ते तिच्या डोळ्यांत दिसलं असतं, आणि समोरच्याने ते वाचलं असतं.

मौनीला ही पद्धत पटत होती. तरी रोज सकाळी मधल्या खोलीत शिरण्यापूर्वी ती क्षणभर डोळे मिटून देवाची क्षमा मागून घ्यायची. घरी आत्याने एकदा सुनावलंच होतं, "लोकांना तोंडावर खोटं सांगायचं आणि वर त्याला शिक्षण म्हणायचं! आमच्या वेळी ह्याला चापट बसायची." मौनी म्हणाली होती, "अगं, पण लगेच खरंही सांगतो ना." आणि ते खरं होतं. शेवटच्या खोलीत तराजू किंवा ती स्वतः जेव्हा सगळं उलगडून सांगायची, तेव्हा माणसं आधी आ वासायची, मग हसायची. तिचाही जीव हलका व्हायचा.

ज्या दिवशी ग्रंथपालबाई आल्या, त्या दिवशी विभागात गर्दी होती.

बाई एका शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. कडक इस्त्रीचे कपडे, खांद्याला कापडी पिशवी, आणि बोलण्यात मुलांना गप्प करण्याची जुनी सवय. फोटो बघताना त्यांची कळी खुलली होती.

"ह्या सुताराच्या नाकावर तीळ आहे. तेही लिहू का?"

प्रश्न आला की काय म्हणायचं ते मौनीला ठरवून दिलेलं होतं. "याबद्दल आपण शेवटी बोलू."

"आणि चुकलं तर गुण कापता की काय?"

"याबद्दल आपण शेवटी बोलू."

"अगं बाई! तुझ्यापेक्षा पोपट बरा, तो निदान मान तरी हलवतो," असं म्हणून त्या मनापासून हसल्या. मौनीच्याही ओठांवर हसू येऊ घातलं होतं. तिने ते गिळलं आणि पाकीट फोडलं.

"तुमची स्मरणशक्ती तुमच्या वयाच्या मानाने बरीच कमी आहे."

बाईंचं हसू एकदम गेलं नाही. ते थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, मालक निघून गेल्यावर दिवा जळत राहावा तसं. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे हे सुरुवातीचं आहे का? पुढे वाढत जातं?"

"याबद्दल आपण शेवटी बोलू," मौनी म्हणाली. तोच सूर, तेच शब्द.

लाकडी तुकडे समोर आले. बाईंनी त्यातले दोन जोडून पाहिले, बाजूला ठेवले. मग सगळे तुकडे लहानमोठ्या क्रमाने लावून त्यांनी डब्यात परत भरले आणि झाकण लावलं. "हात धुऊन येते," म्हणून त्या पिशवी घेऊन बाहेर पडल्या.

त्यांच्या मागून मौनी व्हरांड्यात आली, तोवर पुढचे गृहस्थ वेळेआधीच हजर होऊन पहिल्या खोलीच्या दाराशी घड्याळ बघत उभे होते. शेवटच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून तराजूचा आवाज येत होता, "म्हणजे बघा, ते पाकीट आधीच बंद केलेलं होतं..." मौनीने सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे बाई तिथे पोचल्या तर. ती त्या गृहस्थांकडे वळली.

आत बसलेल्या बाई वेगळ्याच होत्या. त्या शेजारी चाललेल्या दुसऱ्या प्रयोगाच्या; पाकिटं तिथेही होती. आणि तराजू समजून चालला होता की ग्रंथपालबाईंना मौनीने सांगितलंय.

*

दोनेक आठवड्यांनी फोन आला. मौनीनेच उचलला.

"नमस्कार, माझी आई तुमच्याकडे तपासणीला येऊन गेली. त्याचा रिपोर्ट हवा होता," पलीकडचा बाईचा आवाज कामाचा आणि दमलेला होता. मागे एक तान्हं मूल किरकिरत होतं. "मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, ते म्हणाले आधीचे कागद असतील तर आणा."

"तपासणी?" मौनी म्हणाली.

"स्मरणशक्तीची. शाळेत ग्रंथपाल होती ती. तिला तुम्ही सांगितलंत ना, बरीच कमी आहे म्हणून? ती मला सांगतच नव्हती. परवा रडली तेव्हा कळलं."

मौनीने फोन खाली ठेवला. फोनवर तिने कसंबसं एवढंच सांगितलं होतं की अशी तपासणी झालेलीच नाही, मी घरी येऊन समजावते. बाजूला तराजू कागद चाळत बसला होता. तिने त्याला नुसतं विचारलं, "ग्रंथपालबाईंना शेवटच्या खोलीत तू बसवलं होतंस ना?"

"मी? तू बसवलं होतंस ना?"

दोघं तसेच उठून मॅडमकडे गेले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आरडाओरडा त्यांच्या स्वभावातच नव्हता. त्यांनी आधी प्रयोग थांबवला. दाराला सूचना लावायला तराजूला पाठवलं, अशा प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या नीतिसमितीला काय घडलं ते स्वतः कळवलं, आणि मग मौनीला म्हणाल्या, "तू अजून इथे काय करते आहेस? आधी जा."

"काय बोलू, मॅडम?"

"खरं. आणि ह्या वेळी पोपटासारखं नको."

*

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दारात चपलांच्या जोडीला एक घडी केलेली बाबागाडी. दार उघडलं ते लेकीने. कडेवर एक गुबगुबीत मुलगी, तिचे ओले गाल आईच्या खांद्याला पुसले जात होते. घरात तिला ठमी म्हणत.

आत खोलीत पुस्तकं मापात लावलेली होती आणि खिडकीजवळच्या खुर्चीत ग्रंथपालबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मौनीला पाहून त्या उठू लागल्या. "ये गं. उन्हाची कशाला आलीस एवढ्या लांब?"

मौनी समोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, पाकिटं, न तपासलेली उत्तरं, शेवटच्या खोलीतला घोळ. आपली चूक झाली हेही सांगितलं.

लेक भडकली. "म्हणजे तुम्ही मुद्दाम खोटं सांगितलंत? माझ्या आईला? इथे काय चाललंय माहितीये? मी ऑपरेशन थिएटरला नर्स आहे. सोमवारी कामावर रुजू व्हायचंय. ठमीला आईच सांभाळणार होती, सहा महिन्यांपासून ठरलेलं, तीच मागे लागली होती. आणि आता म्हणते, माझ्यावर पोर सोपवू नकोस. मी काल सुट्टी वाढवून मागितली तर मेट्रन म्हणाल्या, जागा धरून ठेवता येणार नाही!"

"तिच्यावर ओरडू नकोस," ग्रंथपालबाई शांतपणे म्हणाल्या. "चांगली मुलगी आहे." मग मौनीकडे वळून, "हिनेच फोन करून बोलावलं ना तुला? माझी समजूत घालायला?"

"नाही हो. खरंच तसं नाही."

"अगं, डॉक्टरही असंच करतात. आधी खरं सांगतात, घरचे घाबरले की म्हणतात, काही नाही हो, वय झालंय. माझ्या यजमानांच्या वेळी सगळं पाहिलंय मी. त्या दिवशी तू म्हणालीस ना, शेवटी बोलू. तसाच आवाज होता त्यांच्या डॉक्टरांचा. म्हणून तर मी थांबले नाही. ऐकवणार नव्हतं मला."

ज्या आवाजात रंग नको म्हणून तिची निवड झाली होती, त्या आवाजात ह्या बाईंनी आपल्या घरातला सगळ्यात वाईट दिवस ऐकला होता.

"आणि तू म्हणतेस म्हणून मी मानलंही असतं," बाई पुढे म्हणाल्या. "पण मला दिसतंय ना. दूध उतू गेलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंचं नाव आठवेना, नुसतं 'अहो, अहो' करत उभी राहिले. चष्मा तर रोज शोधते. आणि परवा गॅस चालूच राहिला. वर भांडं नव्हतं, नुसती ज्योत. ठमी खाली खेळत होती."

"आई, चष्मा तू मी शाळेत होते तेव्हापासून शोधतेस!" लेक म्हणाली. "डोक्यावर ठेवून घरभर शोधायचीस आणि आम्ही भावंडं गप्प बसून मजा बघायचो. आणि दूध? आपल्या घरात दूध उतू गेलं नाही असा आठवडा गेलाय का कधी?"

"गॅस?" बाईंनी विचारलं.

लेक क्षणभर थांबली. "गॅस मागच्या वर्षी माझ्याकडून राहिला होता. तूच बंद केलास."

तेवढ्यात ठमी आईच्या कडेवरून खाली उतरली, रांगत आजीच्या खुर्चीशी आली आणि पायाला धरून उभी राहू लागली. तिने दोन्ही हात वर केले. आजीने स्वतःचे हात काखेत दाबून धरले. "घे गं हिला," त्या लेकीला म्हणाल्या. "पडेल."

*

"पटलं नाही त्यांना," दुसऱ्या दिवशी मौनी मॅडमना म्हणाली.

"पटणारच नव्हतं. माझंच चुकलं, मी तुला नुसतं सांगायला पाठवलं." मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. "एकदा मनात निकाल बसला की माणूस पुरावे वेचत सुटतो. आधीही दूध उतू जात होतं, पण तेव्हा ते नुसतं दूध होतं. आता तो पुरावा झाला. आणि आधी किती वेळा जात होतं, ते कुणी मोजलंय? तुलना करायला काहीच नाही त्यांच्याकडे. मग मूळ निकाल खोटा होता म्हणून सांगितलं तरी वेचलेले पुरावे जागच्या जागी राहतात. ह्यावर पुष्कळ काम झालंय. खोटं होतं एवढं म्हणून भागत नाही. ते कसं तयार झालं हे माणसाच्या डोळ्यांदेखत उलगडावं लागतं."

"मग त्यांनाच इथे आणू? माझ्या जागी बसवू?"

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे?"

"चिठ्ठ्या त्यांनी टाकायच्या. पाकीट त्यांनी बंद करायचं. परीक्षा मी द्यायची."

तराजू दारात उभा राहून ऐकत होता. "आणि त्या दिवशी त्यांनी जे केलं त्याची नोंद?" त्याने विचारलं. "काढून टाकायची? एक पारडं हलकं होईल माझं."

"काढायची," मॅडम म्हणाल्या. "एका वाक्याने माणूस किती हातपाय गाळतो ते बघायला निघालो होतो आपण. लाकडाचे तुकडे देऊन बसलो, आणि खरं उत्तर त्यांच्या घरात मिळालं. नातीला उचलेनाशा झाल्या त्या. पण ते उत्तर आपलं नाही. ते आपण वापरायचं नाही."

तराजूने मान डोलावली. पहिल्यांदाच त्याने हिशेबावर वाद घातला नाही.

*

ग्रंथपालबाई यायला तयार झाल्या त्या लेकीच्या हट्टापायी. "तुझ्या समाधानाला येते," असं त्या जिना चढेपर्यंत म्हणत होत्या. लेक आणि ठमी बाहेर बाकावर बसल्या. मॅडमनी स्वतः दारात येऊन बाईंची माफी मागितली. बाईंनी ती ग्रंथालयात उशिरा परत आलेलं पुस्तक घ्यावं तशी घेतली. नाकारली नाही, पण खूशही झाल्या नाहीत.

मधल्या खोलीत मौनीने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. तराजूने चिठ्ठ्या आणि कोरी पाकिटं समोर ठेवली. बाईंनी चिठ्ठ्या दोनदा ढवळल्या, एक उचलली, न वाचताच पाकिटात सरकवली आणि पाकीट जिभेने ओलं करून चिकटवलं. "चिकट आहे का नीट? बघ बरं. नाहीतर म्हणशील म्हातारीने डोकावलं."

"तुमच्यावर विश्वास आहे," तराजू म्हणाला.

"तुमच्यावर माझा होता," बाई म्हणाल्या, आणि तराजू खाली बघत बाजूला झाला.

मग मौनी परीक्षेला बसली. ते फोटो तिने इतक्या वेळा दाखवले होते की झोपेतही चुकली नसती. तिने प्रत्येकाचा व्यवसाय बिनचूक सांगितला. बाई एकेक फोटो पालथा घालून पडताळत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाळेत हुशार मुलगी भेटल्याचं समाधान येऊ लागलं होतं.

"हिला पैकीच्या पैकी," त्या म्हणाल्या.

"आता पाकीट," मौनी म्हणाली.

बाईंनी पाकीट फोडलं. कागद उलगडला. मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "तुमची स्मरणशक्ती तुमच्या वयाच्या..." आणि थांबल्या.

"वाचा ना," मौनी हळूच म्हणाली. "मी असंच वाचायचे."

बाईंनी पुन्हा कागदाकडे पाहिलं, मग मौनीने दिलेल्या उत्तरांकडे, मग पुन्हा कागदाकडे. कागदावर पुढे होतं, 'मानाने बरीच कमी आहे.' त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला. मानेवर लाली चढत गेली.

"हे तू रोज वाचत होतीस?"

"हो."

"माणसाच्या तोंडाकडे बघून?"

"हो."

"आणि तुला काही होत नव्हतं?"

"रोज व्हायचं," मौनी म्हणाली. "पण शेवटच्या खोलीत गेलं की उतरायचं. तुमच्या वेळी शेवटची खोली झालीच नाही. ती माझी चूक."

"चूक?" बाई ताडकन उठल्या. "अगं, ह्याला नुसती चूक म्हणतेस? दोन आठवडे मी रात्री उठून गॅस बघत होते. पोरीला कडेवर घेणं सोडलं. शेजारणीशी बोलणं टाकलं, नाव आठवलं नाही तर म्हणून! आणि हे सगळं कशावरून, तर ह्या पोराने एका चिठ्ठीवर..." त्यांनी तराजूकडे बोट केलं, आणि मग मॅडमकडे. "तुम्ही मोठ्या आहात ना इथे? शाळेत कुणी पुस्तकाचं पान फाडलं तर मी अख्ख्या वर्गाला उभं करायचे. तुम्हाला कोण उभं करणार?"

"आम्हीच उभे आहोत," मॅडम म्हणाल्या. आणि खरोखरच सगळे उभे होते.

बाईंचा आवाज व्हरांड्यात गेला असणार, कारण लेक ठमीला घेऊन दारात आली. "आई? काय झालं?"

"काय व्हायचंय! ह्यांनी मला वेड्यात काढलं आणि मी वेडी निघाले!" बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता स्वतःच थबकल्या. एवढ्या दिवसांत त्या अशा रागावल्याच नव्हत्या. दुखणाईत माणूस डॉक्टरवर चिडत नाही, तशा त्या सगळ्यांशी सौम्य झाल्या होत्या. मौनीच्या लक्षात आलं. लेकीच्याही आलं असावं, कारण तिचे डोळे भरून आले आणि ती हसायलाही लागली. "सापडली बाई आमची आई," ती म्हणाली.

शेवटच्या खोलीत बाईंना बसवून मौनीने पाणी दिलं. बाईंनी पेला रिकामा करून खाली ठेवला.

"डोक्याला पटलं गं," त्या म्हणाल्या. राग ओसरला होता. "चिठ्ठी मीच टाकली, मीच चिकटवली. आता आणखी काय हवं? पण पोटात अजून बसलेलं आहे काहीतरी. सोमवारी ही कामावर जाईल, दार लागेल, आणि घरात मी आणि ठमी. त्या लागलेल्या दाराचीच भीती वाटते मला."

"मग मी सुट्टी..." लेकीने सुरुवात केली.

"तू गप्प. तू जायचंस." बाई मौनीकडे वळल्या. "सोमवारी येशील? दार लागेल तेव्हा आत असशील? काही करू नकोस. मला आठवणही करून द्यायची नाही, गॅस, दूध, काही काही नाही. नुसती बस. दुपारपर्यंत."

मौनीने मॅडमकडे पाहिलं. प्रयोगाला आलेल्या माणसाच्या घरी असं जाऊन बसणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं, आणि मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिने त्यांच्या परवानगीची वाट पाहिली नाही.

"येते," ती म्हणाली. "शब्द दिला."

सगळे गेल्यावर मॅडमनी तिला विचारलं, "तिथे गेल्यावर तुझी सवय सुटेल का? बघशील, मनात टिपशील, किती वेळा गॅस बघितला, किती वेळा पोरीला उचललं."

मौनीने प्रामाणिकपणे विचार केला. "सुटायची नाही कदाचित."

"मग?"

"मग ठमीशी खेळत बसेन. ती टिपू देणार नाही."

मॅडम हसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

*

सोमवारी मौनी नेहमीपेक्षा लवकर उठली. अंघोळ करून थोडा वेळ डोळे मिटून बसली. आज क्षमा मागायचं काही नव्हतं, म्हणून तिने नुसते हात जोडले. आत्या स्वयंपाकघरातून डोकावली.

"आज एवढ्या सकाळी? तुमचं ते खोट्याचं दुकान तर बंद आहे म्हणालीस."

"तिकडे नाही जायचं."

"मग कुठे?"

"एका बाईंकडे. बसायला."

"बसायला?" आत्याने कमरेवर हात ठेवले. "आणि काय करणार बसून?"

"काही नाही."

आत्या काहीतरी बोलणार होती, पण मौनीच्या चेहऱ्याकडे बघून राहिली. तिने डब्यात दोन घास जास्त भरले आणि डबा तिच्या हातात दिला. "त्यांनाही दे हो."

मौनीने डबा पिशवीत ठेवला, चपला घातल्या, आणि आवाज होणार नाही असं दार ओढून घेत ती जिना उतरू लागली.